बदलीचं मत

आमच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. मुलगी म्हणून मी हे लाडाने सांगत नाहीये, सगळी गल्ली सांगते. गल्लीने तिचं नाव भोंगा ठेवलंय. तिलाही ते ठाऊक आहे, कारण कुणीतरी तिला विश्वासात घेऊन ते सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत तिनेच ते घरोघरी पोचवलं. माझं लग्न जमल्याचं माझ्या आधी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला कळलं होतं. मोडल्याचंसुद्धा.

अशा बाईने आयुष्यात दोनदाच तोंड मिटून ठेवलं, आणि दोन्ही वेळा ते उघडायला हवं होतं. आता हा राग काढू तरी कुणावर? तिच्यावर काढते, मग तीच माझ्यासाठी चहा टाकते, मग मला आणखी राग येतो.

माझं धुलाईचं दुकान आहे. डाग काढणं हा माझा धंदा. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी हमखास कुणीतरी शर्ट घेऊन येतं, बोटाची शाई बाहीला लागली म्हणून. मी स्पष्ट सांगते, बाबा रे, ही शाई निघायला बनवलेलीच नाही, शर्टाचं पोतेरं कर. लोकांना वाटतं मी आळशी आहे. असेनही, पण ती शाई निघत नाही हे खरं.

आमचे बाबा पाणीखात्यात होते, व्हॉल्व्हवर. पहाटे उठून रस्त्यातली लोखंडी झाकणं उघडायची, माणसाएवढ्या उंच चावीने व्हॉल्व्ह फिरवायचे, या आळीचं पाणी बंद आणि त्या आळीचं चालू. निवृत्त झाले तरी पहाटेची जाग सुटली नाही. उठून काय करायचं कळेना, म्हणून आमच्या घरातले नळ उघडून बघायचे.

त्यांच्या खात्यात एखादा रजेवर गेला की दुसरा त्याच्या जागी 'बदलीवर' जायचा. आता व्हॉल्व्ह फिरवायची प्रत्येकाची रीत वेगळी. कुणी वरच्या आळीपासून सुरू करतो, कुणी खालच्या. लोक त्याच हिशोबाने बादल्या लावून बसलेले असतात. बदलीवाल्याने आपलं डोकं चालवलं की अर्धं गाव कोरडं. म्हणून बाबा म्हणायचे, "बदलीवर गेलं की आपली अक्कल घरी ठेवून जायचं. ज्याची पाळी, त्याची पद्धत." हे आम्ही भावंडांनी जेवताना, झोपताना, मार खाताना ऐकलंय.

भावंडं म्हणजे मी आणि बारक्या. बारक्या जन्मला तेव्हा बाबांच्या दोन तळव्यांत मावला होता, म्हणून बारक्या. आता दारातून आत यायला त्याला वाकावं लागतं, पण नाव काही वाढलं नाही. तो सैन्यात आहे. त्याची चौकी समुद्रापलीकडे, दुसऱ्याच देशात, एका उघड्या डोंगरावर. आपली माणसं तिथे का उभी आहेत हे मला पेपर वाचून कधी कळलं नाही, आणि त्याला तिथे उभं राहूनही कळलं नव्हतं.

सुरुवातीला त्याचं मत टपालाने जायचं. म्हणजे जायला हवं होतं. पहिल्या वेळी मतपत्रिका चौकीवर पोचली तेव्हा इकडे निवडून आलेल्याचा शपथविधीही उरकला होता. बारक्याने फोनवर सांगितलं, "ताई, मी तरीही शिक्का मारून पाठवलंय. हरलेल्या माणसाला तेवढाच दिलासा." आम्ही हसलो. पण तो लहानपणापासून असाच, लागलं की आधी हसतो.

मग नियम निघाला की सैनिकाला घरच्या एखाद्या माणसाला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येईल. कागदावर शब्द होता 'प्रतिनिधी'. बारक्याने बाबांचं नाव दिलं. बाबांनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि म्हणाले, "म्हणजे बदली. मग तसं सरळ लिहा ना."

अशा मताची शाई मधल्या बोटाला लावतात, स्वतःच्या मताची अंगठ्याशेजारच्या. मतदानाच्या दिवशी बाबांची दोन बोटं काळी. दिवसभर ते त्याच हाताने सगळ्यांना नमस्कार करत फिरले.

आमच्या घरात पक्षांची नावं घेत नाहीत, निशाणीच बोलतात. बाबा जन्माचे छत्रीवाले. छत्रीवाल्यांनी उद्या गाढव उभं केलं तरी बाबा म्हणाले असते, गाढव कष्टाळू आहे. समोर शिडी. त्या रात्री बारक्याचा फोन आला तेव्हा बाबांनी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो स्पीकरवर टाकला.

"टाकलं बरं का तुझं मत," बाबा म्हणाले. "अगदी योग्य जागी."

"योग्य म्हणजे कुठे?"

"छत्रीला! दुसरं कुठे? तुमच्या चौक्यांच्या पाठीशी उभी राहणारी माणसं आहेत ती."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मग बारक्या म्हणाला, "बाबा, मी शिडीला देणार होतो. शिडीवाले म्हणत होते, बाहेरच्या चौक्या बंद करू, माणसं घरी आणू. मी इथे उभं राहायचं की नाही, यात माझ्या हातात तेवढंच एक होतं."

"अरे, पण देशाचा विचार..."

"देशाचा विचार मी इथे रोज करतो, दुसरं काही करायला नसतंच. तुम्ही बदलीवर गेला होतात ना? मग ज्याची पाळी त्याची पद्धत, हे आम्हाला कुणी शिकवलं?"

बाबांनी फोन टेबलावर ठेवला, कापला नाही, नुसता ठेवला. आणि स्वयंपाकघरात जाऊन, भरलेला माठ पुन्हा भरत बसले.

निवडून छत्रीच आली. चौक्या राहिल्या, बारक्याची मुदत वाढली. एका मताने काय होतंय, मी दोघांनाही सांगून पाहिलं. पण ते एक मत त्या दोघांच्या मध्ये जे उभं राहिलं, ते हलेना. बारक्या फोन करायचा, आईशी बोलायचा, माझ्याशी बोलायचा, शेवटी विचारायचा, "त्यांची तब्येत बरी आहे ना?" आणि बाबा तिकडे पेपरात तोंड घालून म्हणायचे, "त्याला विचार, पायमोजे पुरतायत का." मी आपली मधली पोस्टमन. एकदा चिडून म्हटलं, "एक हातभर अंतरावर फोन आहे, स्वतः विचारा की." बाबा म्हणाले, "त्याने माझं नाव घेतलं तर बोलेन." बारक्याला म्हटलं तर तो म्हणाला, "त्यांनी चुकलं म्हणावं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ जळायलाही तयार नव्हता.

पुढची निवडणूक आली. शिडीवाले पुन्हा तेच म्हणत होते, माणसं घरी आणू. मी फोनवर बारक्याला विचारलं, "बाबांना काही सांगू का, कुणाला द्यायचं ते?" तो म्हणाला, "कशाला? ते त्यांना हवं तेच करतील." बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि पेपराचं पान उलटलं.

यानंतरचं मला मागाहून कळलं, पण सांगायचं तर इथेच सांगायला हवं. बारक्याला रजा मिळाली होती. त्याने दुपारी घरी फोन केला, बाबा बाहेर गेले होते आणि मी दुकानात. फोन उचलला आईने.

"आई, मतदानाच्या दिवशी सकाळी मी घरी पोचतोय. या वेळी स्वतः जाऊन शिक्का मारणार. मी हजर असलो की बदली लागत नाही, मी विचारून घेतलंय. पण कुणाला सांगायचं नाही."

"अरे, पण यांना..."

"त्यांना तर मुळीच नाही! कळलं तर मुद्दाम आधी जाऊन उरकून येतील. तू फक्त मी येईपर्यंत त्यांना घराबाहेर पडू देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

झालं. पोराची शपथ. आई तो आठवडा कशी जगली ते तिचं तिलाच ठाऊक. वाण्याकडे जाणं बंद, शेजारणींशी बोलणं बंद. ओठ दातांत धरून घरभर फिरायची. मला वाटलं, दाढ दुखतेय. ओढत दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, "आई, तोंड उघडा," तर ही मान हलवते, नाही म्हणून! डॉक्टर माझ्याकडे बघतोय, मी डॉक्टरकडे. तपासणी न होता परत आलो.

मतदानाच्या दिवशी बाबा नेहमीसारखे अंधारात उठले. दाढी केली. मी इस्त्री केलेला पांढरा शर्ट घातला. आणि चष्मा सापडेना. आईने तो पिठाच्या डब्यात घातला होता. बाबांनी जुना चष्मा काढला. मग एका चपलेचा पत्ता नाही. बाबांनी बूट घातले. मग आई छातीला हात लावून खाली बसली, "अहो, कळ येतेय."

बाबा पांढरेफटक पडले. तिच्यापाशी गुडघ्यांवर बसले, तिचा हात हातात घेतला, मला म्हणाले, "ताई, गाडी बोलाव, दवाखाना." त्यांचा आवाज इतका घाबरलेला होता की आईलाच बघवेना. "नको, नको," ती म्हणाली, "गॅस असेल. गेली कळ." नाटक करायलाही काळीज दगडाचं लागतं, ते तिच्याकडे नाही.

"मग मी निघू?" बाबा म्हणाले.

"आज जरा उशिरा गेलात तर काय आभाळ कोसळेल?"

"अगं, माझं एकट्याचं असतं तर संध्याकाळी गेलो असतो. सैनिकाचं मत आहे. त्याचं काम आधी."

आईने तोंड उघडलं. मी दारात उभी राहून बघत होते, तिने खरंच उघडलं होतं. आणि मग मिटलं.

मी बाबांबरोबर निघाले. केंद्र शाळेत होतं. लहान मुलांचे बाक भिंतीला लावून ठेवलेले, फळ्यावर कुणाच्या तरी वर्गाची बेरीज तशीच राहिलेली. रांगेत आमच्या पुढे कुणीच नव्हतं. बाबांची रीत ठरलेली, आधी बारक्याचं मत, मग बाहेर येऊन पाणी प्यायचं, मग पुन्हा रांगेत उभं राहून स्वतःचं. मी म्हटलं, "एकाच फेरीत दोन्ही उरका ना." म्हणाले, "दोन माणसांची कामं एका फेरीत उरकायची नसतात."

ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले आणि येईचनात. टेबलावरच्या अधिकाऱ्याने हाक मारली, "आजोबा, सापडतंय ना?" आतून बाबा म्हणाले, "सापडलंय हो. जरा उभा आहे." मग शिक्क्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा घामाने कपाळ ओलं झालं होतं. मला म्हणाले, "झालं बाई एकाचं," आणि मधल्या बोटावर फुंकर घालत फाटकाकडे निघाले.

फाटकाशी टॅक्सी थांबली. त्यातून पाठीवर पिशवी टाकलेला बारक्या उतरला.

बाबा जागच्या जागी थांबले. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, सुटली गाठ, देवा, सुटली एकदाची. ते दोन्ही हात पसरून पुढे गेले. आणि बारक्याने त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"दिलंत?" तो म्हणाला.

"अरे, तू कधी... कळवायचं तरी!"

"माझं मत दिलंत?"

"आत्ताच. पहिलंच. पण तू..."

बारक्या त्यांना ओलांडून आत गेला. मी मागे धावले. अधिकारी बिचारा चांगला माणूस होता. त्याने दोनदा यादी पाहिली, बारक्याचं ओळखपत्र पाहिलं, म्हणाला, "साहेब, तुम्ही थोडं आधी आला असतात तर तुमचंच होतं. आता प्रतिनिधीला शाई लागली. तुमचं मत झालं." बारक्या म्हणाला, "माझं नाही झालं." अधिकारी म्हणाला, "नियमाने झालं."

बाहेर बाबा फाटकाला धरून उभे होते. एव्हाना लोक यायला लागले होते.

"कुणाला दिलंत?" बारक्याने विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

बाबांनी पोलिसाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाले, "इथे? केंद्राच्या दारात? मत गुप्त असतं बारक्या. घरी चल, सांगतो."

"मागच्या वेळी स्पीकरवर सांगितलंत, तेव्हा नव्हतं गुप्त?"

 बाबांनी डावा हात पुढे केला. मधलं बोट काळं, शेजारचं कोरं. "हे बघ, माझं राहिलंय अजून. तू सांग कुणाला, मी तसं टाकतो. बोट माझं, मत तुझं. चल."

मी त्यांची मुलगी आहे, म्हणून सांगते. छत्री सोडून दुसरीकडे शिक्का मारायला तयार होणं म्हणजे त्या माणसाने स्वतःचं कातडं काढून देणं होतं. बारक्यालाही ते कळायला हवं होतं. पण तो दोन रात्री प्रवास करून आला होता आणि डोक्यात राख घालून उभा होता.

"नको," तो म्हणाला. "माझं घेतलंत ते घेतलंत. तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

बाबा घराकडे चालू लागले. मी ओरडले, "बाबा, तुमचं मत!" त्यांनी न वळता हात हलवला. मला वाटलं, राग शांत झाला की येतील. दिवसभर ते पलंगावर बसून होते. केंद्र बंद झालं तरी उठले नाहीत.

घरी आईने रडत रडत सगळं सांगितलं, शपथ, चष्मा, चप्पल. मी तिच्यावर फाडकन ओरडले, "जगाची गुपितं फोडतेस, एवढं एक फोडता आलं नाही?" बारक्या म्हणाला, "तिला कशाला बोलतेस? सांगितलं असतं तर त्यांनी पळत जाऊन उरकलं असतं." आई म्हणाली, "नाही रे. सांगितलं असतं तर थांबले असते. दारात खुर्ची टाकून थांबले असते."

रात्री जेवताना बाबांनी एकदा सुरुवात केली, "बारक्या, मी..."

"राहू द्या," तो म्हणाला. "गुप्त असतं ना? राहू द्या गुप्त."

दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरत होता, रजा संपायच्या आधीच. आई त्याच्यामागे उभी होती. "अरे, ऐक तरी, रात्री हे मला म्हणाले..."

"आई!" तो असा ओरडला की ती दचकली. "आता तू एक शब्द बोलायचा नाहीस. त्यांच्याबद्दल तर नाहीच. शपथ आहे माझी."

पुन्हा शपथ. याला दुसरं काही सुचतच नव्हतं! आणि आईने पुन्हा ओठ दातांत धरले. तो दारातून वाकून बाहेर पडला. बाबा खिडकीशी उभे होते. त्यांनी हात केला की नाही, मला माहीत नाही.

छत्री भरघोस मतांनी निवडून आली. बाबांनी त्या दिवशीचा पेपर उघडलाच नाही. आणि आमच्या घरातला भोंगा बंद पडला. आई गल्लीत जायची, भाजी घेऊन यायची, बस्स. लोक मला दुकानात विचारायचे, "आईला बरं नाही का?" तेव्हा मला कळलं की तिच्या बडबडीला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण घर चालू असल्याचा तोच एक आवाज होता.

बाबा थंडीत गेले. पहाटे उठून नळ बघायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. चौकीवर निरोप पोचला, पण तिकडे बर्फाचं वादळ, हेलिकॉप्टर उडेना. बारक्या आला तेव्हा सगळं उरकलं होतं, आलेले पाहुणे परत गेले होते. बाबांचा पलंग भिंतीला उभा केलेला होता. तो त्याच्या शेजारी जमिनीवर बसला, रिकाम्या जागेत.

आई आली आणि त्याच्यासमोर बसली.

"मला एक बोलायचंय," ती म्हणाली. "तुझी शपथ मोडतेय. तुला काय व्हायचं ते होऊ दे."

"बोल ना आई."

"त्यांनी तुझं मत शिडीला दिलं होतं."

बारक्याने मान वर केली.

"त्या रात्री मला सांगितलं. म्हणाले, आत गेलो, शिक्का हातात धरला, हात सवयीने छत्रीवर जात होता. थांबलो. म्हटलं, बदलीवर आलोय, ज्याची पाळी त्याची पद्धत. मला म्हणाले, तू मध्ये भोंगा वाजवू नकोस. त्याने विचारलं की मीच सांगेन. मी तरीही तुला सांगायला आले होते. तू शपथ घातलीस."

"ते मला सांगत होते," बारक्या म्हणाला. "घरी चल, सांगतो म्हणाले. जेवतानाही..."  मग त्याने विचारलं, "मग स्वतःचं का नाही दिलं? संध्याकाळपर्यंत वेळ होता."

"मीही तेच म्हटलं. जा, तुमच्या छत्रीला देऊन या. तर म्हणाले, मागच्या वेळी मी त्याची पाळी बुडवली. या वेळी माझी बुडू दे."

बारक्या रडला. मला वाटलं होतं, त्याला चार शब्द सुनवीन, महिनोन्‌महिने साठवून ठेवले होते मी ते. पण तो पलंगाच्या पायाला डोकं लावून असा रडला, की मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने विचारायला हवं होतं एवढंच, शांतपणे, एकदा, घरात बसून. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर. त्यात दोघांचे शेवटचे महिने गेले.

या वर्षी पुन्हा निवडणूक झाली. बारक्या अजून त्याच डोंगरावर. बाबांच्या जागी त्याने आईचं नाव दिलं. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. आईने स्वतःच स्पीकर लावला, तिला तेवढं एक बटण येतं.

"सांग रे बाबा," ती म्हणाली. "शिडी ना? मला घोकून घेऊ दे. तू घरी यायला हवंस, मीही माझं शिडीलाच देणारेय."

"आई, माझं छत्रीला दे."

"काय?" मी मधेच ओरडले. "डोकं फिरलंय का तुझं? छत्रीवाल्यांनीच तुला तिथे ठेवलंय ना?"

"माहीत आहे ताई. बाबांची एक पाळी राहिलीय."

आई फोन हातात धरून बसली. तिला काय वाटत होतं ते तिच्या तोंडावर सगळं दिसत होतं, पोरगा घरी हवा, आणि त्याचं मत तिच्याच हाताने असं जायचं. मी म्हटलं, "आई, नाही म्हण त्याला." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बरं," ती म्हणाली. "ज्याची पाळी त्याची पद्धत."

सकाळी आम्ही शाळेत गेलो. तिने आधी बारक्याचं मत दिलं. दोन्ही एका फेरीत उरक म्हटलं तर ऐकेना, बाहेर येऊन पाणी प्यायली, पुन्हा रांगेत उभी राहिली, मग आपलं दिलं. दोन काळी बोटं घेऊन फाटकापाशी आली, जिथे बाबा उभे होते तिथे. आणि इतक्या दिवसांत न ऐकलेल्या तिच्या त्या आवाजात, सगळ्या रांगेसमोर, वर बघून ओरडली, "अहो, दिलं हो तुमचं! छत्रीलाच दिलं!"

फाटकावरचा पोलीस धावत आला. "आजी, हळू, हळू. मत गुप्त असतं."

मी डोळे पुसत त्याला म्हटलं, "साहेब, असू द्या. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." आणि तिला हाताला धरून घरी आणलं. वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती. मी एकदाही तिला गप्प बस म्हटलं नाही.